कटलरी म्हणजे टिकल्या-बांगड्या, मग काटे-चमच्यांना काय म्हणायचं?

कृष्णाकाठी

परवा भाचीला घेऊन सांगलीत हरभट रोडला गेलो होतो. गॅदरिंगसाठी तिला पिना, रिबिनी, कानातलं असलं काय काय हवं होतं. दुकानावर ठसठशीत पाटी, 'स्टेशनरी व कटलरी'. पोरगी पुण्यात इंग्रजी शाळेत वाढलेली. आत जाऊन तिनं सरळ विचारलं, "काका, फोर्क दाखवता का?" मालकांनी चष्म्यावरून आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "बाळा, चमचे-बिमचे भांड्यांच्या दुकानात. ही कटलरी आहे."

घरी येईपर्यंत हसत होतो. मग आजोबांची पेटी आठवली आणि हा धागा काढायचं ठरवलं.

आजोबा मिरजेला मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. तिथले एक अमेरिकन डॉक्टर मायदेशी परत गेले तेव्हा बंगल्यातलं सामान लिलावात निघालं आणि आजोबांनी एक लाकडी पेटी उचलली. का उचलली हे आजीला शेवटपर्यंत कळलं नाही. घर माळकरी, काट्यानं टोचून खावं असं काही चुलीवर चढतच नव्हतं. निळ्या मखमलीच्या खाचांत सहा सुऱ्या, सहा काटे, सहा चमचे, आणि शिवाय पाच बोथट, रुंद, वेलबुट्टीदार सुऱ्या. सहावी खाच रिकामी. झाकणाच्या आतून आजोबांच्या अक्षरात चिठ्ठी: 'सुऱ्या ऊन पाण्यात घालू नयेत.'

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा पेटी खालच्या कपाटात तळाला होती. आम्ही परत आलो तेव्हा ती चिखलात रुतलेली. मखमल संपली. काटे-चमचे घासल्यावर बरे निघाले, फक्त कडांना हिरवट झाले. सहा मोठ्या सुऱ्यांची पाती मात्र गंजून खवले सुटलेली आणि दोघींच्या मुठी अलगद हातात आल्या. त्या पाच बोथट सुऱ्यांना काहीही झालं नव्हतं. एक पेटी, एक पूर, आणि तीन तऱ्हा. असं का, हे शोधता शोधता मी पार या विषयात बुडालो.

काटे-चमच्यांच्या पाठीवर 'ईपीएनएस' असा ठसा आहे. म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूवर विजेनं चढवलेला चांदीचा मुलामा. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी १८४० साली याचं पेटंट घेतलं आणि चांदीचा थाट मध्यमवर्गाच्या टेबलावर आला. खालच्या धातूला 'निकेल सिल्व्हर' म्हणतात, पण त्यात चांदी औषधालाही नसते. जिथं मुलामा झिजला तिथं तांब्यानं हिरवा रंग दाखवला.

मोठ्या सुऱ्यांना धार हवी. चांदी मऊ, धार धरत नाही. म्हणून पातं साध्या पोलादाचं, आणि साधं पोलाद म्हटलं की गंज आलाच.

आता त्या बोथट सुऱ्या. त्या मासळीच्या निघाल्या! इंग्रज मासळीवर लिंबू पिळतो. लिंबाचा रस साध्या पोलादाला लागला की पातं काळं पडतं आणि घासाला लोखंडाची चव येते. शिजलेला मासा कापायला धार लागत नाही, माशाच्या काट्यांवरून मांस सोडवलं की झालं. तेव्हा पोलाद काढलं, पात्यावरही चांदीचा मुलामा दिला, पातं रुंद केलं. एकोणिसाव्या शतकात मासळीच्या सुऱ्या अशा घरोघरी गेल्या. आपल्याकडं पितळेच्या भांड्यात ताक-आमटी कळकते म्हणून कल्हई लावतात ना, तेच दुखणं आणि जवळपास तोच इलाज. एका लिंबानं टेबलावर एक आख्खं हत्यार वाढवलं.

माझं मत असं की काटे-सुऱ्यांचा इतिहास शिष्टाचाराच्या बाजूनं वाचला की काही कळत नाही. एकच प्रश्न विचारायचा: कापायचं काम कुठं होतं? युरोपात जनावराची आख्खी तंगडी टेबलावर यायची. मध्ययुगात पाहुणा स्वतःची सुरी कमरेला लावूनच जेवायला जायचा. आपल्याकडं सगळं कापणं विळीवर, स्वयंपाकघरातच उरकतं. ताटात येतं ते बोटांनी मोडण्याजोगं. आणि भाकरीचा तुकडा दुमडून त्यात पातळ भाजी उचलली की भाकरीच चमचा, तोही खाऊन टाकायचा. चीनमध्येही सुरी स्वयंपाकघरात राहिली म्हणून दोन काड्यांवर भागलं.

तुमच्याकडं असल्या जुन्या वस्तू आहेत का? आणि या गंजलेल्या सुऱ्यांचं काय करू?

चहाबाज

पहिला! लई भारी धागा राव. साताऱ्यात पण तेच. मोती चौकात कटलरी म्हणजे बांगड्या, टिकल्या, नेलपॉलिश. लग्नाआधी बायको म्हणाली होती, "मला कटलरीच्या दुकानात जायचंय." मला वाटलं संसाराची तयारी चाललीय. दोन तास उभा होतो बाहेर.

वाईकरीण

सुंदर लिहिलंय. 'कटलरी' शब्दाबद्दल माझी अटकळ अशी: लहानपणी वाईच्या बाजारात असल्या दुकानात पुठ्ठ्याच्या तक्त्यावर कात्र्या, वस्तरे, नेलकटर आणि कंगवे शेजारी शेजारी अडकवलेले असायचे. हळूहळू कात्र्या गेल्या, कंगवे राहिले आणि पाटी तीच राहिली.

भाकरीच्या चमच्याला पूर्ण अनुमोदन. पण आपल्याकडे हत्यारं कमी होती असं कुणी समजू नये. ती ताटाजवळ आली नाहीत इतकंच. पळी, डाव, झारा, उलथनं, ओगराळं, चिमटा, सांडशी. एकाचं काम दुसरं करत नाही. तळणीत डाव घालून बघा. 'चमचा' हा शब्द फारसी वाटेनं आला, 'सुरी' मात्र संस्कृत क्षुरिकेची. आणि जेवणानंतर बैठकीत येणारं एक हत्यार आपण सगळे विसरतो, ते म्हणजे अडकित्ता. आमच्याकडे आजेसासूबाईंचा पितळी आहे. दोन्ही दांडे म्हणजे दोन पोपट, मिटला की चोचीला चोच लागते. पातं तेवढं पोलादी, वरच्या दांड्यात रिवेट मारून बसवलेलं. सुपारी पात्याच्या बुंध्याशी, अगदी बिजागरीलगत धरायची, म्हणजे जोर लागत नाही. टोकाशी धरली की सुपारी उडून समोरच्याच्या कपाळावर. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा संग्रह आहे, तो चुकवू नका.

अवांतर: सहावी मासळीची सुरी कुठे गेली?

कृष्णाकाठी

@वाईकरीण, ताई, माहीत नाही. लिलावातच पाच आल्या असतील. बघतो.

पाचगणीचा माजी

मी पाचगणीच्या एका बोर्डिंगमध्ये आठ वर्षं काढली. गावाकडून आलेला पोरगा, पहिल्या दिवशी समोर चॉप, उकडलेले वाटाणे, डावीकडे काटा, उजवीकडे सुरी. घास डाव्या हातानं तोंडात घालायचा! आमच्या घरी डाव्या हातानं पाण्याचा तांब्या उचलला तरी आजी ओरडायची. पहिल्या सुट्टीत घरी जाऊन मी ऐटीत डाव्या हातानं चमचा धरून आमटी प्यायलो. आजीनं ताट ओढून घेतलं आणि म्हणाली, "एवढे पैसे भरून हेच शिकवत्यात?"

वाटाण्यांचा छळ वेगळाच. काटा पालथा धरायचा, म्हणजे फुगीर बाजू वर, आणि त्या फुगवट्यावर वाटाणे सुरीनं लोटून बसवायचे. सरळ उताणा करून चमच्यासारखा वापरला की छडी. पुढं वाचनात आलं की सुरुवातीचे काटे सरळ आणि दोन दातांचे होते, त्यांवर वाटाणा राहणं शक्यच नव्हतं. म्हणून इंग्रजांनी अठराव्या शतकात सुरीचंच टोक रुंद आणि गोल केलं आणि वाटाणे सुरीवरून खायचे. तीन-चार दातांचा, बाक असलेला काटा रुळला तेव्हा सुरीवरून खाणं अडाणीपणाचं ठरलं. म्हणजे ज्याला आमचे मास्तर अडाणीपणा म्हणायचे, ती त्यांच्याच पूर्वजांची रीत.

फ्रेंच लोक टेबलावर काटा पालथा मांडतात, कारण त्यांच्या घराण्याचं चिन्ह काट्याच्या पाठीवर कोरलेलं असायचं. इंग्रजांचं पुढच्या बाजूला, म्हणून ते उताणा मांडतात. एवढ्यावरून मी मार खाल्लाय.

गूळखोबरं

काटा फ्रान्समध्ये इटलीच्या कॅथरीन द मेदिचीनं १५३३ साली लग्नात आणला ना? असं कुठंतरी वाचलेलं.

वाईकरीण

@गूळखोबरं, ती गोष्ट फार लाडकी आहे, पण इतिहासकार आता ती मानत नाहीत. काटा बायझंटाईन दरबारातून अकराव्या शतकातच व्हेनिसला पोचला होता. तिथे लग्न होऊन आलेली राजकन्या बोटं सोडून सोन्याच्या काट्यानं खाते, यावर पीटर डेमियन नावाच्या धर्मगुरूनं सणसणीत टीका केली आहे. देवानं बोटं दिली असताना हा नखरा कशाला, असा एकंदर सूर. आपल्याच एखाद्या आजोबांनी म्हणावं तसं!

पण मला सगळ्यात आवडतो तो थॉमस कोरियट. हा इंग्रज १६०८ साली युरोपभर फिरला, बराचसा पायी. इटलीत त्यानं बघितलं की लोक मांस कापताना काट्यानं धरून ठेवतात, कारण सगळ्यांचीच बोटं स्वच्छ असतात असं नाही. १६११ साली प्रवासवर्णन छापलं, स्वतः इंग्लंडात काटा वापरायला लागला आणि चेष्टेचा विषय झाला. मित्रांनी नाव पाडलं 'फर्सिफर'. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ काटा बाळगणारा, आणि बदमाशही. पुढे हा पठ्ठ्या पायपीट करत हिंदुस्थानात आला, अजमेरला जहांगीरच्या दरबारापर्यंत पोचला, आणि डिसेंबर १६१७ मध्ये सुरतेला वारला. इंग्लंडला काटा शिकवणारा माणूस गेला तो बोटांनी जेवणाऱ्यांच्या देशात.

चहाबाज

शेवटची ओळ वाचून चहा सांडला. सुरतेत त्याला काट्यानं उंधियो खाताना बघायला पाहिजे होतं.

डायवाला

माझं कुपवाड एमआयडीसीत प्रेसचं जॉबवर्क आहे. चमचे आम्ही दोनच वर्षं केले, पण त्यातलं कळतं. जरा लिहितो.

हॉटेलात मिसळीबरोबर येणारा चमचा वाकतो का? तो एकाच जाडीच्या पत्र्यातून पाडलेला असतो. ब्लँक (चमच्याच्या आकाराचा सपाट तुकडा) पाडला, डायमध्ये म्हणजे साच्यात वाटी दाबली, बफिंग करून चकाकी आणली, संपलं. मान अरुंद, सगळा जोर तिथंच येतो, पण जाडी तिथंही वाटीएवढीच. मग मानेत एक उभी रिब दाबून वेळ मारून नेतात. चांगल्या चमच्यात ब्लँक आधी जाड घेतात आणि वाटीचा भाग आडवा रोल करून पातळ नि रुंद करतात. मानेत जाडी तशीच राहते. हातात घेतला की कळतं. घट्ट श्रीखंडात तो चमचा घाला, हलत नाही.

काटा विकत घेताना दोन दातांच्या मधल्या फटीतून नख फिरवा. बाहेरून आरशासारखं पॉलिश कुणीही करतं, आतली बर, म्हणजे कापताना राहिलेली खरखरीत कड, काढायला वेळ जातो आणि वेळेचे पैसे पडतात. नख अडलं तर ठेवून द्या.

आता चुंबकाचं. बाजारात सगळे चुंबक घेऊन फिरतात, चिकटला तर खोटं स्टील म्हणतात. ३०४ नंबरच्या स्टेनलेस स्टीलला (१८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल) चुंबक चिकटत नाही हे खरं. पण निकेल वाचवून मँगनीज घातलेल्या २०२ लाही चिकटत नाही. आणि चांगल्यातल्या चांगल्या सुरीच्या पात्याला हमखास चिकटतो, कारण साधारण १३ टक्के क्रोमियमचं, निकेल नसलेलं स्टीलच तापवून पाण्या-तेलात विझवून कडक करता येतं. ३०४ ची सुरी केली तर टोमॅटोवरून घसरेल. तेव्हा चुंबक घरी ठेवा.

कृष्णाकाठी

@डायवाला, दादा, हेच तर पाहिजे होतं! त्या १३ टक्क्यांचीच गोष्ट इंग्लंडातल्या शेफील्डची. हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्या आतून झिजतात त्यावर काम करत होता. १३ ऑगस्ट १९१३ ला त्यानं १२.८ टक्के क्रोमियमचं पोलाद ओतलं. नमुन्यांवर आम्लाचा परिणाम होईना, तेव्हा या सुरीवाल्या गावच्या माणसाच्या डोक्यात पहिल्यांदा सुरीच आली. कारागिरांना ते घडवता येईना. कडक इतकं की हत्यारं मोडली. 'न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोध लावणारा' म्हणून त्याची टिंगल झाली. शेवटी अर्नेस्ट स्टुअर्ट नावाच्या सुऱ्यांच्या कारखान्यातल्या माणसानं व्हिनेगर लावून बघितलं आणि 'स्टेनलेस' हे नाव दिलं.

म्हणजे लिंबाचं दुखणं १९१३ लाच मिटलं. तरी मासळीच्या सुऱ्या आजही विकतात!

सहाण

उशिरा येतोय. शेफील्डचं नाव निघालं म्हणून लिहितो. तिथल्या चकचकीत काट्यांची दुसरी बाजू फार वाईट आहे. सुऱ्या बहुधा ओल्या दगडावर घासत, काटे कोरड्या. दगडाची आणि पोलादाची धूळ थेट छातीत. 'ग्राइंडर्स अस्थमा' हे त्याचं तिथलं नाव. एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय की काटे घासणारे सगळ्यात लवकर जायचे, पुष्कळसे तिशी-चाळिशीच्या आतच. धूळ ओढणारे पंखे निघाले होते, पण ते सगळीकडे बसायला फार वर्षं गेली. पाचगणीत वाटाण्यावरून छडी खाताना हे कुणी शिकवलं नसणार.

आमचं आडनाव सांगत नाही, पण धंदा शिकलगारीचा. शब्द मूळ 'सैकल', म्हणजे धातूला चकाकी देणं. मिरजेत आमच्या लोकांचं काम तलवारी-भाल्यांचं. ते मागे पडलं तशी काही घराणी तंबोरे आणि सतारी करायला लागली, आणि मिरजेच्या सतारीला, तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते त्याच हातांचं. आम्ही आपले धारवाले राहिलो. वडील सायकल स्टँडवर लावून पॅडल मारत, मागं पट्ट्यावर सहाण फिरे. मी लहानपणी ठिणग्या पकडायला बघायचो. त्या हाताला लागल्या तरी भाजत नाहीत, नुसतं मुंगी चावल्यासारखं होतं.

कृष्णाकाठी, तुमच्या सुऱ्या टाकू नका. पात्यावर ठसा काय आहे?

कृष्णाकाठी

एक चांदणी आणि एक क्रॉस, चारही हात टोकाकडं फाकलेला. नाव गंजात गेलंय.

सहाण

मग जोसेफ रॉजर्स, शेफील्ड. चांदणी आणि माल्टीज क्रॉस ही त्यांचीच खूण. जुने लोक 'रॉजर्सचा चाकू' म्हणून जपायचे. पोलाद चांगलं असणार, वरचे खवले गेले तरी आत माल आहे. मुठीवर बारीक काळे ठिपके आहेत का? असले तर हाड. जाळीसारख्या एकमेकींना छेदणाऱ्या रेषा असल्या तर हस्तिदंत. एकसारख्या छापील पट्ट्या असल्या तर सेल्युलॉइड, म्हणजे जुनं प्लास्टिक. मिरजेला आलात तर घेऊन या, व्यनि (खासगी निरोप) करतो.

कृष्णाकाठी

अपडेट. ठिपके आहेत, हाडच.

रविवारी जाऊन आलो. 'सहाण' यांनी निखळलेली मूठ उजेडात धरून आत बघितलं. पात्याची शेपटी जिथं शिरते त्या भोकात काळसर, काचेसारखं काहीतरी. टाचणीनं एक कपची काढली, काडेपेटीच्या ज्योतीवर धरली. मऊ झाली, देवळात धूप जळावा तसा वास आला. "राळ," ते म्हणाले. "कारखान्यातनंच भरलेली. ऊन पाण्यात पडली की ढिली होणारच." आजोबांच्या चिठ्ठीचा उलगडा इतक्या वर्षांनी तिथं, सहाणीशेजारच्या स्टुलावर बसून झाला. पुरात आधी शेपटी गंजून फुगली, मग राळ तडकली.

त्यांनी भोक कोरून साफ केलं, लाखेचा चुरा भरला, शेपटी तापवली आणि मूठ दाबून बसवली. सेकंदभर धूर आला, थोडी लाख बाहेर उतू गेली, ती ओल्या फडक्यानं पुसली. "तलवारीची मूठ अशीच बसवत्यात," एवढंच म्हणाले. पैसे घेता घेत नव्हते, दीडशे रुपये बळंच दिले.

सहाही सुऱ्यांना धार आलीय. पातं आता पातळ झालंय, पण अळूवडीचा उंडा असा कापतं की पदर न् पदर मोजून घ्यावा. मात्र काल आईनं त्याच सुरीनं लिंबू चिरलं. पाच मिनिटांत पातं निळं-काळं, आणि सरबताला लोखंडाचा वास. मी टाळ्या वाजवल्या. आई म्हणाली, "वेडाच आहेस."

पाचगणीचा माजी

प्रयोगसिद्ध! आता एक पापलेट आणा आणि उरलेल्या पाच सुऱ्यांचंही बघा.

वाईकरीण

आणि सहावीचं काय झालं, ते राहिलंच.

कृष्णाकाठी

ताई, सापडली. आज सकाळी आई देवघर आवरत होती. निरांजनाची काजळी खरवडायला, समईच्या तळाचा गोठलेला तुपाचा थर काढायला आजीच्या काळापासून एक रुंद, बोथट, वेलबुट्टीची 'पूजेची पट्टी' आहे आमच्याकडं. मी जन्मापासून बघतोय. उलटी करून बघितली, मागं ईपीएनएस.

आजी रोज सोवळ्यात ती वापरायची. ती मासळीची आहे हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. सांगलीतलं कुणी हे वाचत असेल तर कृपा करून आईसमोर विषय काढू नका.